वेगाबरोबर चढणारा सूर

दंडोबाच्या डोंगराचा चढ सुरू झाला की आमच्या गाडीतून एक सूर निघू लागे. सपाटीवर तो नसे असं नाही, पण तिथे वारा, टायरांची घसघस आणि कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या यांच्या गदारोळात तो बुडून जाई. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की वर येई. खडखड नव्हे, घरघर नव्हे, पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना ओला पट्टा घसरून होते ती किंकाळीही नव्हे. बारीक, सलग, किंचित अनुनासिक असा तो आवाज होता. पाय दाबावा तसा चढायचा, पाय उचलला की उतरायचा, आणि चढता-उतरताना मध्ये कुठेही तुटायचा नाही. गाणाऱ्याला अशी मींड जमायला वर्षं लागतात.

"गाडी पळतेय ना, मग कशाला मागे लागतेस?" असं घरात सगळ्यांचं म्हणणं. एका मोठ्या गॅरेजात गाडीला संगणक जोडून पाहिला. पडद्यावर एकही चूक उमटली नाही, तेव्हा गाडीत काही बिघाड नाही असा निकाल मिळाला. पण तो संगणक ऐकत नाही. जिथे सेन्सर बसवलेला असतो तिथलंच त्याला कळतं, आणि पट्ट्याला, पुलीला, बेअरिंगला कुणी सेन्सर बसवलेला नसतो. त्यांच्याकडे आपली अडचण सांगायला आवाजाखेरीज काहीही नाही. तो आवाज रेडिओ मोठा करून झाकायचा, हे मला जमण्यातलं नव्हतं. मी मिरजेत वाढले.

या गावात कानावर पोट असलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. सतारमेकर गल्लीतून जाताना आजही उघड्या दारातून दिसतं: पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि मांडीशी तंबोरा घेऊन बसलेला कारागीर. तो जवारी काढत असतो. घोडीवर कानस एकदा हलकेच फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. तार घोडीला नेमकी किती घासली म्हणजे सूर फुलतो हे मोजायला त्याच्यापाशी कसलंही माप नाही. एक हात जास्त फिरला तर सूर करकरतो, कमी फिरला तर मुका राहतो. माझा तंबोरा त्याच गल्लीतला. मी काळी चारमध्ये गाते, आणि त्याची जवारी लागताना तासन्‌तास शेजारी बसून राहिलेली आहे.

गल्लीपासून थोडं पुढे गेलं की दवाखान्यांचं मिरज. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे इस्पितळ उभं केलं, आणि तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं छातीवर स्टेथोस्कोप टेकवून घ्यायला या गावात येत आहेत. पॅरिसमध्ये १८१६ साली लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून तिचं एक टोक रुग्णाच्या छातीला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं, तिथून त्या उपकरणाची सुरुवात. आणि तिसरं मिरज जंक्शनचं. माझे वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांचा डबा द्यायला स्टेशनात गेलं की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या कडेने चालताना दिसायचा. प्रत्येक चाकावर एक ठोका. चाक धड असेल तर खणखणीत उत्तर येई. तडा असेल तर बद्द. तो माणूस मान वर करून पाहायचाही नाही. ठोका, पाऊल, ठोका, पाऊल, असा सगळी गाडी ऐकत पलीकडे निघून जायचा.

आमच्या गॅरेजवाल्या चाचांना मी याच पंक्तीत बसवते. त्यांना कुणी कलावंत म्हणत नाही, तज्ज्ञही म्हणत नाही, याचा मला मनापासून राग येतो. पण त्यांच्याकडे जायच्या आधी मला माझ्यापुरतं ऐकून घ्यायचं होतं.

गाडीत फिरणाऱ्या गोष्टी दोन कुळांतल्या असतात. एक कूळ इंजिनाबरोबर फिरतं: पट्टा, त्याच्या पुल्या, पाण्याचा पंप, अल्टरनेटर. दुसरं चाकांबरोबर फिरतं: टायर, चाकांचे बेअरिंग, डिफरन्शियल. गिअरबॉक्स दोघांच्या मध्ये, अर्धा इकडचा अर्धा तिकडचा. वेग घेताना दोन्ही कुळं एकदमच जोरात फिरू लागतात, म्हणून आवाज नेमका कुणाचा हे कळत नाही. ती वेगळी कशी करायची? वेग तोच ठेवायचा आणि गिअर बदलायचा.

पंढरपूर रस्ता भल्या सकाळी रिकामा असतो. साठचा वेग धरून मी चौथ्या गिअरमध्ये चालले. फेऱ्यांचा काटा अडीच हजारांच्या आसपास. मग पाचवा टाकला. चाकं तितक्याच वेगाने फिरत होती, पण काटा दोन हजारांपाशी आला, आणि सूरही उतरला. किती उतरला ते माझ्या कानाला सांगावं लागलं नाही: गंधारावरून षड्जावर. चाकांचा आवाज असता तर तो जागचा हलला नसता. शिवाय चाकाचं बेअरिंग वळणावर आपला सूर बदलतं. उजवीकडे वळलं की भार डाव्या चाकांवर जातो आणि डावीकडचं दुखरं बेअरिंग ओरडतं. इथे तसं काही नव्हतं. चाकं सुटली.

त्या गंधार-षड्जाने मला अक्षरशः रस्त्याच्या कडेला थांबायला लावलं. अडीच हजार आणि दोन हजार, म्हणजे पाचास चार. शुद्ध गंधाराचं षड्जाशी नातं हेच आहे. मग उभ्या गाडीतच न्यूट्रलमध्ये इंजिन रेस करून पाहिलं. आवाज आलाच, म्हणजे तो इंजिनाकडचा हे पुन्हा ठरलं. क्लच दाबला, सोडला. काही फरक नाही. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्समध्ये शिरणारा दांडा थांबतो, तेव्हा आवाज तिथला असता तर बंद पडला असता. गिअरबॉक्सही सुटला. मग काटा दोन हजारांवर धरला आणि हळूहळू तीन हजारांवर नेला. पंचम. चार हजार. तार षड्ज. इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला कुठलाही सूर दोनास तीन या चालीने पंचमावर जाणारच, यात चमत्कार नाही. तरी भाताच्या वाफेसारखा बॉनेटमधून वर येणारा तो सूर ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स याच गुणोत्तरांच्या मागे होते. अब्दुल करीम खाँसाहेब त्यांना गाऊन दाखवत आणि ते श्रुतींची मोजमापं मांडत. खाँसाहेब पुढे मिरजेतच राहिले, १९३७ साली गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा हात चांगला होता, असं सांगतात. मला ते फार पटतं. ज्याला नितळ सूर हवा, त्याला तो कुठे अडला आहे हे शोधल्याशिवाय चैन पडणार नाही.

घरी येऊन पेटी काढली आणि दोन हजारांवरचा सूर लावून पाहिला. पांढरी एक, पण जराशी उतरलेली. ते वहीत लिहून ठेवलं.

चाचांचं गॅरेज स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लिंबाच्या झाडाखाली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी बसायला खुर्ची दिली आणि विचारत गेले. "थंड गाडीला येतो का गरम झाल्यावर, ताई? एसी लावला की वाढतो का? रात्री लाइट लावल्यावर? गोल वळवताना?" हे गप्पांसाठीचे प्रश्न नव्हते. प्रत्येक प्रश्न एकेका संशयिताला पुढे बोलावत होता. एसीने वाढला तर कॉम्प्रेसरची पुली. ज्या गाडीच्या स्टिअरिंगला तेलाचा पंप असतो तिथे वळवताना ओरड वाढली तर तेल कमी झालंय किंवा त्यात हवा शिरलीय. लाइट, पंखा, काच तापवायची तार असा सगळा भार टाकल्यावर सूर वाढला तर अल्टरनेटरच्या विजेकडचा दोष, बहुधा आतल्या डायोडचा. काही ठिकाणी अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढतात. चाचा त्या गोष्टीवर भडकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. तशा वेळी विजेचा दाब एकदम उसळतो आणि गाडीतली नाजूक इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते.

माझी उत्तरं ऐकून ते उठले. "पोरा, रेस कर." शिकाऊ मुलगा गाडीत बसला. चाचांनी बाटलीतून चालत्या पट्ट्यावर थोडं पाणी उडवलं. पाणी पडल्यावर आवाज क्षणभर बंद झाला तर पट्टा आणि पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर पट्टा घसरतोय. आमच्या आवाजाला पाण्याने काहीच झालं नाही. मग त्यांनी भिंतीवरून एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला. लाकडी मूठ, तळहातांनी गुळगुळीत केलेली. गळ्यातला रुमाल काढून ठेवला, बाह्या वर केल्या, टोक पाण्याच्या पंपाच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटले. तिथून टोक उचलून अल्टरनेटरच्या पुढच्या बाजूला, मग मागच्या. पुन्हा पुढच्या.

मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मला वाटलं, मला काय कळणार. पण हाडातून येणारा आवाज हवेतल्या आवाजाहून फारच उघडा असतो. वाटेत वारा नाही, पंखा नाही, इंजिनाचा गोंगाट नाही. पंपाजवळ नुसतं खळाळतं पाणी होतं. अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला एक गुळगुळीत सूंऽ. आणि पुढे, पुलीच्या मागे टोक टेकवलं तर तो माझा ओळखीचा सूर, आणि त्याच्या पोटात भरड रेती भरडल्याची खरखर. गेले काही आठवडे जो लांबून गाणं वाटत होता तो जवळून ऐकला तेव्हा दुखणं होता. माझा हात थरथरला हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

तरी चाचांनी कबुली घेतली. पट्टा उतरवला आणि इंजिन अगदी थोडा वेळ सुरू केलं; त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालतो, तेव्हा जास्त वेळ तसं ठेवता येत नाही. सूर गेला. मग सगळं बंद करून पुलीला बोटाने फिरवलं. पंपाची पुली तेलकट, शांत फिरली. अल्टरनेटरची फिरताना बोटाला बारीक दाणे लागत होते.

"डायनमो नवा टाकू का?" मुलाने अल्टरनेटरबद्दल विचारलं. "बेअरिंग गेलंय. अख्खा डायनमो कशाला?" चाचा म्हणाले. बेअरिंगला काही शे रुपये लागतात, अल्टरनेटरला हजारांनी. पण पैशांपेक्षा मला त्या उत्तरातली मर्यादा आवडली. दुखतं तेवढंच काढायचं.

आधी बॅटरीची ऋण वायर काढली. अल्टरनेटर उतरवला, लांब बोल्ट सोडून त्याचे दोन भाग केले, पुलरने जुनं बेअरिंग ओढून काढलं. कार्बन ब्रश पाहिले, अजून लांब होते. नवं बसवताना मात्र चाचांनी मुलाला काम थांबवून दाखवलं. दांड्यावर बेअरिंग दाबायचं तर जोर आतल्या कड्यावरच पडला पाहिजे, म्हणून नेमक्या त्याच मापाचा पाइप लावायचा. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर तो दणका गोळ्यांमधून जातो, कड्यात डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात, आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणू लागतं. घाईत बदललेले किती भाग याच एका ठोक्याने वाया जात असतील.

जुनं बेअरिंग मी मागून घेतलं. पेट्रोलमध्ये धुतल्यावर त्यावरचा आकडा दिसला: ६२०३. हे जगभर एकाच मापाचं मिळतं, आतला व्यास १७ मिलिमीटर, बाहेरचा ४०, रुंदी १२. आत आठ गोळ्या. ग्रीस तापून काळपट, घट्ट झालेलं. बाहेरच्या कड्याच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, नखाएवढा भाग खडबडीत. बाकी कडं आरशासारखं.

त्या रात्री मी वही काढली. इंजिनाची पुली मोठी, अल्टरनेटरची लहान, म्हणून अल्टरनेटर इंजिनाच्या अडीचपट फिरतो असं धरलं. इंजिन दोन हजार, तर तो पाच हजार. सेकंदाला सुमारे ८३ फेरे. पण गोळ्या दांड्याइतक्या वेगाने फिरत नाहीत. त्या दोन कड्यांच्या मधून लोळत जातात, दांड्याच्या एका फेऱ्याला जेमतेम ०.३८ फेरा. गोळ्या आठ, म्हणजे बाहेरच्या कड्यावरच्या त्या खडबडीत जागेवरून दांड्याच्या दर फेऱ्याला साधारण तीन गोळ्या जातात. ८३.३ ला ३.०५ ने गुणलं: २५४. सेकंदाला २५४ ठोके. पेटीवरची पांढरी एक २६१च्या थोडी वर असते. उतरलेली पांढरी एक! पुलीचं माप मी अंदाजाने धरलेलं, पट्टाही कणभर घसरतो, तेव्हा ही अगदी काटेकोर जुळणी असल्याचा दावा करत नाही. पण कानाने लिहून ठेवलेला सूर आणि कागदावर उतरलेला आकडा इतके जवळ आले, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवून ते सांगितलं.

खड्डा एकाच जागी का पडला, हेही चाचांनी सांगितलं. बाहेरचं कडं घरट्यात घट्ट बसलेलं असतं, ते फिरत नाही. पट्टा नेहमी एकाच दिशेने ओढतो. म्हणून भार कायम कड्याच्या त्याच भागावर येतो, आणि पट्टा गरजेपेक्षा ताणलेला असेल तर तेवढाच भाग रोज थोडा थोडा सोलत जातो. मागच्या पावसाळ्यात पट्टा किंचाळायचा, तेव्हा एका गॅरेजात तो तारेसारखा ताणून दिला होता. किंचाळणं थांबलं. पट्टा झिजून चकचकीत झाला होता आणि खरं तर तो बदलायचा होता. तो न बदलता त्याला गप्प केलं, आणि ते ओझं बेअरिंगने उचललं. आता चाचांनी नवा पट्टा घातला, दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबून पाहिला, माझा अंगठाही तिथे ठेवायला लावला. साधारण बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका दबला. "एवढंच. नवा पट्टा सुरुवातीला ताणतो, पुढच्या आठवड्यात परत दाखवायला या."

गाडी सुरू केली. दोन हजार, तीन हजार, चार हजार. नुसतं इंजिन.

एक उलट्या गिअरचा आवाज मात्र राहिला, आणि तो राहणारच आहे. आमच्या गल्लीत कुठलीही जुनी गाडी मागे घेतली की ऊंऽऽ असं ओरडते ते पुष्कळांना बिघाड वाटतं. पुढे जाणाऱ्या गिअरचे दाते तिरपे कापलेले असतात. एक दाता दुसऱ्याला हळूहळू, कडेपासून भेटत जातो. बऱ्याच गाड्यांत उलट्या गिअरचे दाते सरळ असतात, पूर्ण रुंदीने एकदम आदळतात, म्हणून गातात. मी तो आवाज मुद्दाम ऐकते. त्याला काही होत नाहीये हे माहीत असल्यामुळे तो मला गोड लागतो.

बिल झाल्यावर चाचांनी मुलाला बोलावलं. "गाडी मागून ऐक. अजून काय आहे?" तो सायलेन्सरपाशी उकिडवा बसला, मला हळूहळू रेस करायला सांगितलं, मग जमिनीवर गाल टेकवला. बराच वेळ काही बोलला नाही. "खाली पत्रा वाजतोय," म्हणाला, "पण सगळीकडे नाही, मध्येच एका जागी." चाचांनी मान डोलावली. तो पत्रा आधीही वाजत असणार. आमच्या सुराखाली दबला होता. "पुढच्या आठवड्यात पट्टा बघायला येताय ना, तेव्हा तोच करेल हे काम," चाचा म्हणाले. मुलगा लाजून उभा राहिला.

घरी येताना मी लक्ष ठेवलं. पत्रा अठराशे फेऱ्यांच्या आसपास वाजत होता, आणि काटा त्याच्यावर गेला की थांबत होता.